खिळ्यावरचा शर्ट

प्रिय पोरी,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलं. सध्या तू मला तेवढी प्रिय नाहीस. फोन करावा तर तुझी मावशी सांगते, झोपलीय. सकाळी झोपलीय, दुपारी झोपलीय, दिवेलागणीलाही झोपलीय. दुखावलाय खांदा आणि मिटलेत डोळे, हा कुठला आजार? तुझा बाप म्हणाला, आई, मेसेज टाक. त्या एवढ्याशा चौकटीत माझा राग मावत नाही, म्हणून कागद घेतला. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. सगळं वाच. अर्ध्यात घडी घालून उशीखाली सारायचं नाही.

आधी तुझ्या कोचचं सांगते, म्हणजे पोटातली जळजळ थोडी कमी होईल. त्या दिवशी सॉफ्टबॉलच्या मैदानावर तू दर चेंडू टाकल्यावर खांदा दाबत होतीस. मला जाळीच्या बाहेरून दिसत होतं आणि तो बाबा आत उभा राहून टाळ्या वाजवत होता. शाब्बास, अजून एक! अजून एक! पोर आहे का पाण्याचा पंप, बटण दाबलं की सुरू? तू खाली बसलीस तेव्हा कुठे त्याच्या टाळ्या थांबल्या. नंतर मी त्याला गाठलं. म्हणतो कसा, आजी, तीच बाहेर यायला तयार नव्हती. अरे शहाण्या, ती कधीच तयार नसते. लहानपणी ताप असला तरी अंगणातून आत यायची नाही. म्हणून काय आम्ही तिला विचारत बसायचो? बखोट धरून आणायचो. कोच कशाला म्हणतात मग तुला? यावर तो वाकून बुटांवरची धूळ झटकायला लागला. नवे होते बूट.

आता तुझ्या टीमची अक्कल ऐक. तू मावशीकडे गेलीस आणि यांनी तुझा सात नंबरचा शर्ट बाकाच्या वर खिळ्याला टांगला. मेलेल्या माणसाचा कोट टांगावा तसा. मॅचच्या आधी सगळ्याजणी त्याच्यासमोर माना खाली घालून उभ्या राहतात, बाहीला हात लावतात, हिच्यासाठी जिंकायचं म्हणतात आणि मैदानात जाऊन सपाटून मार खातात. एकदा नाही, दर वेळी. बाकावरची तुझी जागा रिकामी ठेवतात. तुझ्याऐवजी चेंडू टाकायला, पिचर म्हणून, उभी केलीय ती बेकरीवाल्याची बुटकी. ती बिचारी पालथ्या बादलीवर बसते. तिच्याशी कोणी धड बोलत नाही, जणू तिनेच तुझा खांदा मोडला. आणि तू तिकडे जिवंत, दोन वेळा जेवतेयस.

बुटकीचा चेंडू वाईट नाही गं. सरळ येतो, पण असा येतो की समोरचीची बॅट फिरेपर्यंत तिच्यामागे बसलेल्या कॅचरच्या हातात. तरी मॅचमध्ये तिचे चेंडू भलतीकडेच जायचे. मला वाटलं, घाबरते. मग परवा तुझी जिवाभावाची मैत्रीण, आपली कॅचरबाई, पॅन्टची शिवण उसवली म्हणून घरी आली. मी मशीनवर बसले आणि ती माझ्या पलंगावर बसून रडायला लागली. आजी, म्हणाली, माझी बोटं ऐकत नाहीत. कुठला चेंडू टाकायचा ते कॅचरने बोटांनी खुणावायचं, अशी तुमची रीत ना. तू टाकायचीस ना तो वळणारा चेंडू, त्याचीच खूण तिची बोटं करतात. इतकी वर्षं तुझ्यासमोर बसून हाताला तेवढंच ठाऊक. बुटकीला तो चेंडू येतच नाही. पण नको असेल तर पिचरने नुसती मान हलवायची असते, तेवढंही बुटकी करत नाही. तुझा म्हणून मागितलेला चेंडू नाकारला तर तुझा अपमान होईल म्हणे! म्हणजे एक मागते जे समोर नाही, दुसरी टाकते जे येत नाही, आणि बाकीच्या शर्टाकडे बघून उसासे टाकतात. मी म्हटलं, अगं बायांनो, मॅच खेळताय का सुतक पाळताय? पॅन्ट तिच्या अंगावर फेकली आणि तशीच मैदानावर गेले.

शर्ट काढला. कोच धावत आला, आजी, त्यात टीमच्या भावना आहेत. मी म्हटलं, भावनांना खिळा लागत नाही. कॅचरबाई मागून ओरडली, ती परत येईपर्यंत तरी राहू द्या. मी म्हटलं, परत येऊन काय धुळीची चादर पांघरेल? शिवलाय मी, नेतेय मी. कोणाच्या बापाचं काय जातं?

आणि आता या पत्राचं खरं कारण. तू माझा फोन उचलत नाहीस, पण कॅचरबाईला मेसेज करायला तुला बरी जाग येते. तिने दाखवला मला. माझा शर्ट कोणालाही घालायला देऊ नका, एवढंच लिहिलंयस. बाकी कोण कसं आहे, कोण हरलं, काही नाही. वाचून माझं डोकं फिरलं. तर तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते: दिला. बुटकीच्या मापाचा करून दिला. काल तो घालून ती खेळली, पहिल्यांदा मान हलवून कॅचरबाईला नाही म्हणाली आणि सरळ चेंडू टाकत राहिली. हरलो. पण या वेळी धड हरलो, शेवटच्या चेंडूपर्यंत. रविवारी शेवटची मॅच आहे, ती गेली तर टीम स्पर्धेतून बाहेर. बुटकी शर्ट घालताना मला एकच विचारत होती, तो वळणारा चेंडू ताई बोटांत धरते कसा? मला काय माहीत? मी सुई धरते. तुझा खांदा गेलाय, बोटं शाबूत आहेत. जीभ तर आहेच, ती माझ्यावर गेलीय. तेव्हा शनिवारी ये आणि दाखव तिला. मला शिव्या द्यायला आलीस तरी चालेल. बाकावर तुझ्या जागी आता बुटकी बसते, तुझ्यासाठी बादली ठेवलीय.

आणि हो, शर्टाचं कापड मी कापलेलं नाही. जादा होतं ते आत दुमडून टाके घातलेत, उसवले की पुन्हा तुझ्या मापाचा. त्यावरून मनात भलते मनोरे बांधू नकोस. चांगलं कापड कापायला माझा हात धजत नाही, एवढंच.

तुझीच,
जिचा फोन तू उचलत नाहीस ती आजी