बेबीचं बाळसं

३ जानेवारी १९७१, नगर
चर्चमधून आल्या आल्या सासूबाईंनी सुनावलं. बेबी बाळसं धरत नाही. महिनाभरात धरलं नाही तर माझ्या बायकोला, दीनाला, आणि तिला माहेरी अकोल्याला नेणार. मी हसलो. महिना कशाला? पंधरवडा पुरे. उद्यापासून मालिश मी स्वतः करणार. घर माझं, मुलगी माझी.

४ जानेवारी
दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, साधं खोबरेल लावा, बिनवासाचं, हलक्या हाताने. दीनाही तेच म्हणते. पण खोबरेल थंडीत थिजतं. स्वतःच थिजणारं तेल पोरीला काय ताकद देणार? मालिश पुढे ढकलली.

६ जानेवारी
भिंगार कॅम्पात सरदारजी हवालदाराची पोरं पाहिली. काय एकेक गाल! तेल विचारलं. मोहरीचं. बाटली भरून दिली बिचाऱ्याने. वासानेच डोळ्यांत पाणी आलं. तेलात दम आहे.

७ जानेवारी
सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, आदी पोरीच्या पायाला थेंबभर लावा, उद्यापस्तोर बघा, मग बाकीचं. टेस्ट हवीच, मान्य. स्वतःच्या पोटरीवर केली. काही झालं नाही. तेल एकदम सेफ.

८ जानेवारी, सकाळ
दीना पाण्याला गेली होती तेवढ्यात मालिश उरकली. चांगली रगडून. बेबी लालेलाल. रक्त खेळायला लागलं! फार रडली. सवय नाही.

दुपार
लाली उतरत नाही. काखेत, मानेखाली पुळ्या. दीना तिला उचलून दवाखान्यात निघाली. मीही मागोमाग.

संध्याकाळ
सिस्टर भडकली. कोवळ्या कातडीला हे तेल भाजतं म्हणाली. पुळ्या जाईपर्यंत कुठलंच तेल नको. मी पोटरी दाखवली. तिने बघितली नाही.

१२ जानेवारी
पुळ्या बसताहेत. बेबीला घ्यायला हात पुढे केले. दीनाने पाठ फिरवली. हातांना अजून वास येतो म्हणे. साबण लावून लावून हात सोलवटले. फार वाईट वाटलं. असो. आता तिळाचं तेल बघतो.

१५ जानेवारी
सासूबाईंनी बोचकं बांधलं. महिना अजून व्हायचाय, हे मी लक्षात आणून दिलं. व्हय, म्हणाल्या, आणि गाठ मारली. स्टँडवर सोडायला गेलो. त्यांची खिडकी पलीकडच्या बाजूची होती, बेबी दिसली नाही.

७ मार्च, अकोले
बेबीने बाळसं धरलंय! मनगटाला वळ्या. खोबरेल, उन्हात कोमट केलेलं. माझ्याकडे दिली तर काळीनिळी होईपर्यंत रडली. सासूबाईंच्या मांडीवर जाताच गप्प. दीना म्हणाली, पावसाळा सरेपर्यंत आम्ही इथेच आहोत.
मी परवानगी दिली. कुणी मागितली नव्हती.