टाकीवर तुमचं नाव नाही

आबा, गावात पाण्याची नवी टाकी झाली. तिच्यावर तुमचं नाव लागू दिलं नाही ते मीच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हाला सांगताना मला आनंदच होतो आहे.

दुष्काळाचं ते वर्ष. बिंदुसरा नदीत चिखलसुद्धा उरला नव्हता. टँकर आला की थेट विहिरीत रिकामा व्हायचा, आणि विहिरीला लागूनच गटार. नर्सबाई घरोघर सांगत होत्या, पाणी उकळून प्या. तुम्ही दूध सोसायटीचे चेअरमन, विहीर तुम्हीच बांधून घेतलेली, निवडणूक तोंडावर. तुम्ही आईला विहिरीजवळच्या पारावर बोलावता. "पी. समद्यांना दिसू दे. पानी लई ग्वाड हाय." आई पिते, पदरानं तोंड पुसते आणि भाकरी थापायला घरी जाते.

महिन्याभरात तिचे डोळे पिवळे झाले. मी म्हटलं, बीडला नेऊ. सोसायटीची जीप दारातच होती. "बीडला नेली तर इहिरीचं नाव निघंल. गप बस," म्हणालात. मग काविळीची माळ आणलीत. डोक्यावर घातलेली ती माळ सैल होत रोज खाली सरकते. ती कमरेशी आली तसं तुम्ही गावाला सांगितलंत, कावीळ उतरली. आई मला हळूच म्हणाली, "बाई, माळ उतरली, पर मला काई बरं वाटंना." माळ पायाशी पोचायच्या आत ती गेली. निवडणूक तुम्ही जिंकलीत.

आज मी प्रयोगशाळेत लशीसाठी काविळीचाच विषाणू वाढवते. एका बाटलीतून दुसरीत, परक्या पेशींवर, पुन्हापुन्हा. होता होता त्याला बाटलीच मानवते. मग माकडाला टोचला तरी तो अंगात राहतो, पण यकृत बिघडवत नाही. तसं धडधाकट माकड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू फुटलं. वाटलं होतं, गाव सुटलं, माणसं बदलली की रागाचंही असंच होईल. नाही झालं. तो मी तुमच्यासाठी जसाच्या तसा जपला.

म्हणून ग्रामसभेत उभी राहिले. गटार, जीप, माळ, सगळं सांगितलं. टाकीवर आता आईचं नाव आहे. सरपंचांनी विचारलं, "ताई, आजून काई सांगायचं ऱ्हायलं का?" मी नाही म्हटलं.

राहिलं होतं, आबा. नर्सबाईंचं सांगणं माझ्या कानावर होतं, पाणी उकळायला घरात चूलही पेटलेली होती. तरी त्या दिवशी विहिरीवर तांब्या भरून आईच्या हातात मीच दिला. तुमची भीती वाटली. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी एवढा शेवट फाडून मगच पाठवलं असतं.