फोटोसाठी घातलेली आंघोळ

वाशी, मार्च १९७३

प्रिय मार्थाताई,

सलाम. आपल्या मोफत शाळेला वर्षाचा खर्च मंजूर झाला, एवढंच तुला कळवलं होतं. बाकीचं इथं लिहितो. हे पत्र टपालात टाकायचं धाडस मला होणार नाही.

गेल्या महिन्यात देणगीदारांकडचे साहेब फोटो काढायला आले. फोटो पाहूनच तिकडं पैशाचं ठरणार होतं. बौद्धवाड्यात मी आदल्या दिवशी निरोप दिला होता. मुलं न्हाऊन, तेल लावून, कुणाकुणाचे सदरे मागून घालून आली. या दुष्काळात इथं पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा येतो, ताई.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, ही गरीब दिसत नाहीत."

मी मुलांना सदरे काढायला लावले. पुतळीची वेणी माझ्या हातांनी सोडली, केस विस्कटले. तिची आई मथुराबाई दारातच उभी होती.

"गुरुजी, प्यायचं पानी घातलं म्या तिच्या आंगावर."

"जरा थांबा, बाई," मी म्हणालो. फोटो निघाले.

तेव्हापासून मुलं तशीच येतात, उघडी, पिंजारलेल्या केसांची. आज पुतळीला विचारलं, वेणी का घातली नाहीस?

"आई म्हनली, नीटनेटकी गेलीस तर गुरुजींची शाळा बंद पडंल."

मी तिला तशीच वर्गात बसवली.

तुझा धाकटा भाऊ,
दानिएल