घर घ्यायचे तर काठीसकट

मी, या कागदाखाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र लिहिताना पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे डोके फिरले असल्याचे माझा मुलगा चारचौघांत सांगत असतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला, जंगलात हॉटेल बांधू पाहणाऱ्याचा दलाल दोनदा आला. चहा पिऊन हात हलवत परत गेला.

कलम १. घरामागची, जंगलाला लागून असलेली जमिनीची पट्टी मी शिवणकामाच्या कमाईतून घेतली आहे. वडिलोपार्जित त्यात काही नाही, तेव्हा तिचे काय करायचे ते मीच ठरवणार. हॉटेलचा रस्ता जंगलात न्यायचा तर याच पट्टीतून न्यावा लागतो, हे मुलाला, दलालाला आणि मला, तिघांनाही ठाऊक आहे. ही पट्टी मी गावचे जंगल राखणाऱ्या आमच्या राखण मंडळाला देत आहे. मंडळाने ती विकू नये, भाड्याने देऊ नये आणि तिच्यातून पायवाटेपेक्षा रुंद काही जाऊ देऊ नये. मुलगा विचारतो, "आई, त्या झुडपांत आहे काय?" उत्तर लेखी देते. आपली विहीर आता उन्हाळ्यात आटत नाही, ती त्या झुडपांमुळे. पाणी पिताना तू हा प्रश्न विचारत नाहीस.

कलम २. पट्टीत कोणीही रोपे लावू नयेत. पाहुणे बोलावून, फोटो काढून तर मुळीच नाही. मंडळाच्या पहिल्या वर्षी आम्ही बायांनी मोठ्या हौसेने उजाड डोंगर साफ केला होता. तोडलेल्या झाडांच्या जुन्या बुंध्यांना फुटलेले कोंब झाडझाडोरा समजून छाटून टाकले आणि रांगेत रोपे लावली. उन्हाळ्यात ती सगळी वाळली. तेव्हा माझी जाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या शेळीला कळतं ते तुम्हाला कळेना! ती रोज त्याच बुंध्यांकडे का ओढ घेते? मुळं जिवंत आहेत गं, बायांनो!" त्या शेळीवरून पुढे आमचे वाजले, पण बोलणे खरे निघाले. बुंध्याला एक जोमदार कोंब ठेवायचा, बाकीचे छाटायचे आणि शेळी लांब बांधायची, एवढ्यावर हे जंगल पुन्हा उभे राहिले.

कलम ३. कोयता आणि शिवणयंत्र जावेला द्यावे. तिची शेळी मी माझ्या अंगणात बांधून ठेवली होती, त्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. कोंब खाल्ले होते तिने.

कलम ४. घर मुलाला, पण काठीसकट. आमच्याकडे राखणीची पाळी काठीने फिरते. संध्याकाळी ती शेजारच्या दाराला टेकवायची. ज्याच्या दारी काठी, त्याने सकाळी जंगलात जायचे. माझे यजमान गेले त्याच संध्याकाळी ती आमच्या दारी आली. सकाळी शेजारीण ती गुपचूप पुढे नेत होती, मी तिच्या हातून घेतली. मुलगा ओरडला, "घरात माणूस गेलंय आणि तू निघालीस कुठे?" मी गेले. घरात माणसांची रीघ होती, रडायला कोपरा नव्हता. जंगलात पोटभर रडले. मुलाने ते जाणे मला आजवर माफ केलेले नाही. त्याला कारण कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहिते. त्याच्या बापावर माझे फार प्रेम होते.

एकदा जरी काठी या दारावरून तशीच पुढे गेली, तर घरही मंडळाचे.

कलम ५. माझ्या नावाचा बाक किंवा फलक जंगलात नको. बसायला दगड पुष्कळ आहेत.

हे वाचून मुलगा कोर्टात जाईल. खुशाल जावे. फक्त त्याची पाळी असेल त्या दिवसाची तारीख घेऊ नये.

साक्षीदार :
१. जाऊ. सही. (शेळीचा मुद्दा अमान्य, बाकी सर्व मान्य.)
२. गिरणीवाला, राखण मंडळाचा खजिनदार. सही.

स्थळ : घरातली पुढची खोली, शिवणयंत्रावर कागद ठेवून.
दिनांक : १७ जून, सकाळ. काठी दारी आहे. सही करून निघते.