डाव्या हाताची गॅलरी

श्री एकवीरा आई प्रसन्न

बोर्ली, ता. मुरुड
१२ जानेवारी २०२५

चि. धनेश यास आईचे अ. उ. आ.

इकडे आम्ही खुशाल आहोत. तू वेळेवर जेवतोस असं धरून चालते. पत्र बघून हसू नकोस. परवा फोनवर तू विचारलंस, जूनमध्ये तुझ्या बोटीवरून अलास्काचे बर्फाचे डोंगर बघायला येताना आतली खोली सांगू की गॅलरीची? मी तोंड उघडायच्या आत तुझ्या बाबाने आतली म्हणून सांगितलं आणि फोन ठेवलासुद्धा. जन्मभर वाऱ्यावर ओरडून त्याचा आवाज तसा झालाय, त्यात माझं कुठे ऐकू जाणार? बोलून मेसेज करावा तर शेजारची कोकिळा तो तुझ्या आधी ऐकते. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. सातवी पास आहे मी, विसरू नकोस.

तर ऐक. मला गॅलरी पाहिजे.

या घरच्या बाया होडीत पाय ठेवत नाहीत, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं. नारळी पुनवेला होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीला, हळदकुंकू लावायचं, पाया पडायचं आणि मागे फिरायचं. बाकी सगळा जन्म मी किनाऱ्यावर पाटी घेऊन उभी राहिले. लांबून आपल्या होडीचा बावटा दिसला की जीव भांड्यात, नाही दिसला की पोटात गोळा. तिथे आत असतं तरी काय, असं तुझ्या बाबाला किती वेळा विचारलं. बोलतो, काय असणार, पाणी. अरे, नुसत्या पाण्यासाठी माणूस असा वेड्यासारखा जातो होय? एकदा मला बघायचंय तो काय बघतो ते. आणि परत येताना किनारा कसा दिसतो तेही बघायचंय, कारण तेव्हा मी कायम किनाऱ्यावरच असते.

सुचिताताईचा म्हसळ्याहून फोन होता. तिचं आणि जावयांचं झेरॉक्सचं दुकान बरं चाललंय. काशीदला शनिवार-रविवार माणूस मावत नाही, त्यामुळे माझं म्हावरंही हातोहात जातं. गळ्याला मफलर बांधत जा. माया आहे ती तशीच राहू दे, आणि उत्तर मला लिही, बाबाला नको.

तुझी आई
सोनूबाई


बोटीवरून
२५ जानेवारी २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मोठं करकरून दोनदा वाचलं. माझ्या खोलीतला गोव्याचा मुलगा विचारत होता, गर्लफ्रेंडचं का? मी हो म्हटलं.

आता माझ्या धंद्याचं सांगतो, कारण या बोटीवरच्या खोल्या मीच आवरतो. आतल्या खोलीला खिडकीच नसते. दिवा घालवला की दिवस कुठला आणि रात्र कुठली ते कळत नाही. गॅलरीच्या खोलीला काचेचं सरकतं दार, बाहेर दोन खुर्च्या, त्यापुढे कठडा आणि त्यापुढे सगळं तुझं. मधली आणि खालच्या मजल्यावरची घेतली तर हलतेही कमी.

तुझं पत्र वाचून मला बाजूचंही सुचलं. आमची बोट सिएटलहून निघते आणि तिथेच परत येते. वर जाताना डाव्या हाताला मोकळा समुद्र असतो, आणि परत येताना त्याच डाव्या हाताला किनारा. म्हणजे तुला डावी गॅलरी पाहिजे. बर्फाच्या डोंगरापुढे कॅप्टन बोट जागच्या जागी गोल फिरवतो, त्यामुळे तिथे कुणाचंच भांडण नाही.

भांडण आहे ते आपल्या घरात. बाबांच्या पहिल्या शब्दावर मी आतली खोली सांगून बसलोय. फेब्रुवारी संपेपर्यंत बदलता येते. पण त्यांना न विचारता बदलली तर ते तुम्हीच जा म्हणतील आणि घरी जाळी विणत बसतील, हे तुला मी सांगायला नको. त्यांनी काल मला दुसऱ्यांदा फोन केला आणि आतली म्हणजे आतलीच, असं बजावलं. त्यांना काय झालंय? मीच आता त्यांना पत्र लिहून विचारतो.

माझ्या चुका पोटात घालतेस तशा घालत राहा.

तुझा
धनेश


बोर्ली
३ फेब्रुवारी

चि. धनू, आशीर्वाद.

तू लिवलंस म्हनून लिवतोय. नायतर मी कागदाला हात लावनारा मानूस न्हाय.

मला आतली खोली का पायजे ते सांगतो. एक तर मी उभ्या जन्मात होडीवर धड झोपलो न्हाय. एक डोळा पान्यावर, एक कान इंजिनाला. दुसऱ्याच्या बोटीवर, दुसरा नाखवा सुकानू धरून असताना, पानी दिसनार न्हाय अशा जागी एकदा घोरून झोपायचं हाय.

दुसरं तुझ्या आईला सांगू नको. मी तिला कायम बोलत आलो, समुद्र म्हंजे आपलं अंगन हाय, घाबरायचं काय त्याच्यात. ती ते खरं मानून इकडं भाकऱ्या थापते. आता तू तिला गॅलरीत बसवनार, आनी ती खरा समुद्र बघनार. मंग आगस्टमध्ये मी होडी घेऊन गेलो की ती झोपंल काय रे? मला पावसाळ्याची मासेमारीची बंदी उठल्यावर पुन्हा जायचं हाय. तिनं डोळे उघडे ठेवून बसायचं, ते मला चालनार न्हाय.

तब्येत सांभाळ. तुझ्यावर जीव हाय, त्यो लिवून दाखवायची आमच्यात रीत न्हाय.

बाबा


म्हसळा
१० फेब्रुवारी २०२५

चि. धनू यास ताईचे अ. आ.

दोघांची पत्रं तू मला पाठवलीस ते बरं केलंस. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं आणि मी बाबांचं वाचून डोळे पुसत होते. त्या माणसाला वाटलं त्याच्याच सातबाऱ्यावर काहीतरी वाईट निघालं.

बाबांना वाटतं आईला समुद्र ठाऊक नाही. ऐक मग. तू लहान होतास. वारा सुटला की आई दाराची कडी काढून ठेवायची आणि चुलीवर पाणी तापत ठेवायची, बाबा आल्या आल्या आंघोळीला. पाणी निवलं की पुन्हा तापवायची. एकदा मी विचारलं, झोपत का नाहीस? तर म्हणाली, तुझ्या बाबाला सांगू नकोस, त्याला वाटतं मी झोपते. म्हणजे दोघंही एकमेकांना झोपवून स्वतः जागे. काय म्हणायचं यांना?

तेव्हा गॅलरीच घे, डावीच घे. आणि बाबांना असं सांग, की गॅलरीच्या खोलीला जाड पडदा असतो. ओढला की आतल्या खोलीसारखा मिट्ट काळोख. असतो ना रे? नसला तर तू लाव. पडद्याच्या आत बाबांची खोली आणि पडद्याच्या बाहेर आईची. एका खोलीत दोघांचं भागलं. बाबांना तोडगा आवडतो, फक्त तो त्यांनाच सुचला असं वाटलं पाहिजे. तेवढं तू बघ.

भावाने बहिणीचं ऐकावं अशी इच्छा, आणि येताना चॉकलेट विसरू नये अशी ताकीद.

तुझी
सुचिताताई


बोर्ली
८ जून २०२५

चि. धनेश यास आईचे अ. उ. आ.

पुढच्या आठवड्यात निघायचं, म्हणून हे शेवटचं पत्र. तुझा बाबा सगळ्या कोळीवाड्यात सांगत सुटलाय, की मी डोकं चालवलं, गॅलरीही घेतली आणि काळोखही घेतला, पडदा असतो तिथे. मी मान डोलावते. तू आणि ताईने काय केलंत ते मला माहीत नाही असं समजा.

अमेरिकेचा व्हिसा झाला, कॅनडाचाही झाला. अमेरिकेच्या ऑफिसात गोऱ्या बाईने शेजारी बसलेल्या मुलीकडून मराठीत विचारलं, काय काम करता? बाबा म्हणाला, मासे मारतो. मग बोटीवर फिरायला कशाला जाता? बाबा म्हणाला, झोपायला. ती मुलगी इतकी हसली की तिला पुढचं विचारताच येईना.

सोडे आणि सुकट आणू नका म्हणालास, म्हणून बाहेर काढली. बंदी लागल्यावर होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारली, तिच्यावरचं सामान घरात आलंय. स्वेटर तीन घेतले आहेत. आणखी एक वस्तू पिशवीच्या तळाला टाकली आहे, ती खायची नाही, तेव्हा विचारू नकोस.

बंदरावर न्यायला ये. तुला बघितल्याशिवाय मी त्या बोटीत पाय ठेवणार नाही. आजवर ठेवला नाही, तर आणखी थोडी कळ सोसवेल.

तुला डोळे भरून बघायला उतावळी झालेली

तुझी आई


बोटीवरून
२४ जून २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईबाबा मजेत आहेत, माझी मात्र नोकरी थोडक्यात वाचली. सावकाश सांगतो.

बोटीच्या दारात आई थबकली. सासूबाई रागावतील का, असं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, आजी असती तर तुझ्या पुढे धावली असती. मग तिने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि उजवा पाय आत टाकला. मागे एक अमेरिकन आजीबाई होती. तिनेही तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी मोकळा समुद्र लागला. वारा होता, बोट चांगलीच हलत होती. अर्धी माणसं आडवी झाली. आई शाल गुंडाळून डाव्या गॅलरीत कठडा धरून उभी. मी चादरी बदलायला गेलो तेव्हा बाबा पडद्याआड जागेच होते, तिच्याकडे फटीतून बघत. तिने मागे न बघताच विचारलं, असल्या समुद्रात जातोस होय? बाबांनी हो म्हटलं.  जेवताना आपल्या ताटातला माशाचा तुकडा उचलून त्यांच्या ताटात ठेवला आणि एवढंच म्हणाली, "यापुढे मला खरं सांगून जात जा. मी तशीही जागीच असते." बाबांनी तो तुकडा मान खाली घालून खाल्ला. त्या दिवसापासून पडदा उघडा आहे, आणि बाबा त्या लख्ख उजेडात असे घोरतात की शेजारच्या खोलीतून मला विचारणा झाली.

बर्फाचा डोंगर आला तेव्हा कॅप्टनने बोट थांबवली. समोर निळा बर्फ, उंच, सगळीकडे शांत. मग त्यातला एक कडा सुटला. आधी तो पडताना दिसला आणि गडगडाट मागून आला. आईने हात जोडले. बाबा खुर्चीतून उठले, डोळे बारीक करून बघत राहिले आणि म्हणाले, बोर्लीच्या सगळ्या होड्यांना जन्मभर पुरंल, बर्फाचा कारखाना बंद पडंल. आई इतकी हसली की तिची शाल वाऱ्याने जाता जाता वाचली.

आता नोकरीचं. काल केचिकन नावाच्या गावाला बोट लागली. बाबा तिथल्या मासेमारीच्या होड्या बघायला एकटे उतरले. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती वरच राहिली. दुपारी आमच्या साहेबाचा निरोप आला, तुझ्या मजल्यावर कुणीतरी झेंडा लावलाय, ताबडतोब काढ. मी धावलो. बघतो तर आईने कठड्याला आपल्या होडीचा बावटा बांधलेला! तोच, भगवा, निळ्या काठाचा. पिशवीच्या तळाला हाच होता. मी म्हटलं, आई, इथे कठड्याला काही बांधायचं नाही असा नियम आहे. ती म्हणाली, सगळ्या गॅलऱ्या एकसारख्या, बाबाला आपली कशी कळणार? मी पुन्हा नियम सांगितला. तिने निमूटपणे गाठ सोडली, बावटा दोन्ही हातांत धरला आणि हात बाहेर काढून उभी राहिली. बांधलेला नाही ना आता, म्हणाली. पाऊस भुरभुरत होता. मी साहेबाला सांगितलं, झेंडा काढला. मग एक टोक मी धरलं.

बाबांनी आज सकाळी उठल्या उठल्या तुला पत्र लिहायचं म्हणून माझ्याकडे कागद मागितला. सोबत पाठवतोय, मी वाचलेलं नाही. भावावरची कृपा वाढती ठेव, चॉकलेट घेतलंय.

तुझा
धनू


बोटीवरून

चि. सुची, आशीर्वाद.

काल मी उतरून इथल्या होड्या बघितल्या. जाळी आपल्याच सारखी, मानसंही आपल्याच सारखी, हातावर तीच घट्टं. एकानं मला त्याच्या होडीत बसवून चहा दिला. खुशीत परत आलो, धक्क्यावर उभा राहिलो आनी वर बघितलं.

सुची, ती बोट म्हंजे गाव हाय. गॅलरीवर गॅलरी, सगळ्या सारख्या, सगळीकडं मानसं. तुझी आई कुठंच दिसंना. खालून वर, वरून खाली, पुन्हा पुन्हा बघितलं. मला ठावं हाय ती आत असंल, चहा पीत असंल. तरी बोट सुटंल आनी ती जाईल, असं उगाच वाटाया लागलं. मी किनाऱ्यावर आनी ती बोटीत, असं कधी झालंच न्हवतं ना.

मंग आपला बावटा दिसला.

मी तितंच लाकडाच्या ओंडक्यावर बसलो.  वरून ती बावटा हलवत व्हती, आनी मी खाली येड्यासारखा दोनी हात वर करून बसलो व्हतो. ती कायम असंच बघत उभी राहिली आसंल. ती रोज किनाऱ्यावर काय बघते ते मी तिला कधी इचारलंच न्हाय. तिनं मात्र मला इचारलं.

आता ऐक. येत्या नारळी पुनवेला होडी पान्यात उतरली की पहिल्या फेरीला तुझी आई होडीत बसनार. बावटा तिच्याच हातानं बांधायचा. आपल्या होडीवरचा बाळाजी इंजिन धरंल, त्याला मी सांगतो. वाड्यातल्या म्हाताऱ्या काय बोलतील ते बोलू दे. मी सगळ्यांच्या पुढं, पाटी घेऊन, किनाऱ्यावर उभा राहनार.

तिला यातलं काय बोलू नको. ती आता गॅलरीत बसली हाय, डाव्या हाताला किनारा लागलाय, त्यो बघू दे तिला.

तू आनी जावई त्या दिवशी या. येताना मोठी पाटी आना, आपली जुनी झाली.

तुझा बाबा
सदा