चिमोंबोची दुभाषी

१२ जून १९९५
तोच! चिमोंबोच! दाढी वाढलीय, गाल बसलेत, पण डावा खांदा अजून तसाच उचलून चालतो मेला. त्या रात्री आमचं दार लाथेनं उघडून मायेसोला फरपटत नेलं, तेव्हा पुढे हाच होता. माझा नवरा शाळामास्तर. सत्तेतल्या पक्षाचं कार्ड घेत नाही म्हणाला — एवढाच गुन्हा! प्रेतसुद्धा दिलं नाही.

आता राज्य बदललं. मलावीतले जुने फौजदार आत, आणि तुरुंग तपासायला परदेशी पथक बाहेरून. मी त्यांची दुभाषी. कैदी आमच्या चिचेवा भाषेत बोलणार, मी इंग्रजीत सांगणार.

त्यानं मला ओळखलं नाही. कितीजणींना लक्षात ठेवणार!

१३ जून
आज त्याची पाळी. दारात शिपाई उभा, म्हणून अगदी हळू बोलला. "बाई, रोज मारतात हे. लघवीतून रक्त जातंय. मला इथून हलवा, नाहीतर मी जगत नाही."

पथकातल्या डॉक्टर हेल्गांनी विचारलं, काय म्हणतो?

मी म्हटलं, "तक्रार नाही म्हणतो. जेवण बरं आहे."

त्याला इंग्रजी कुठलं कळायला! पोकळ तळहातांनी हळूच टाळ्या वाजवल्या त्यानं. आभार मानत होता — माझे!

१४ जून
गाढ झोपले. कित्येक वर्षांनी.

१६ जून
सासूबाईंना सांगितलं. त्या चुलीपाशी मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटत होत्या. वाटलं, आनंदानं ओरडतील. माझ्या डोक्यावर हात ठेवतील.

"आई, मरणार तो! त्याच्यासारखेच शिपाई मारतायत त्याला."

त्यांच्या हातातला डाव थांबला. "आणि माझं लेकरू कुठं पुरलंय ते कोण सांगणार मला? तू?"

"तो कशाला सांगतोय?"

"तू विचारलंस का?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"मला त्याचा जीव नको होता गं. त्याचं तोंड हवं होतं." मग न्सिमा तसाच करपू दिला आणि अंगणात जाऊन बसल्या. मीही चिडले. इतकी वर्षं मी काय कमी जळले? पण करपलेलं भांडं घासताना त्यांचाच प्रश्न डोक्यात घोळत होता.

१७ जून
हेल्गाबाईंच्या मुक्कामावर गेले. सगळं सांगितलं. "तुमच्या शब्दावर आम्ही अहवाल लिहितो," एवढंच म्हणाल्या. नोकरी गेली. जाऊ दे!

माफबिफ केलं नाही मी त्याला. उलट! जगायला हवा तो. भर कोर्टात उभा राहायला हवा, आणि समोर आई. मेला तर सुटेल मेला! उद्या सकाळीच हेल्गाबाईंबरोबर जाऊन त्याला इस्पितळात हलवायचं ठरलंय. आईही येतायत. काय विचारायचं ते आजपासून पुटपुटतायत.

१८ जून
कोठडी धुतलेली. फरशी अजून ओली.

"काल संध्याकाळी गेला. तापानं," दारातला तोच शिपाई म्हणाला. हेल्गाबाई पुढे गेल्यावर माझ्याजवळ सरकला. "मला दोन्ही भाषा येतात बाई. त्या दिवशी सांभाळून घेतलंत, उपकार झाले."

आई फाटकाबाहेर थांबल्या होत्या. माझा चेहरा पाहिला आणि घराच्या दिशेनं चालू लागल्या.