भोंगा वाजला की डबा भरायचा

मी, श्रीमती जयमाला मुकुंद देवस्थळी, वय शहात्तर, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार निगडी प्राधिकरण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी एखादे काढून दाखवलेच तर ते खोटे समजावे.

कलम १. निगडीचा बंगला, अंगण आणि दारच्या आंब्यासह, माझी मुलगी तनुजा हिला संपूर्ण मालकीहक्काने द्यावा. बँकेतल्या ठेवी आणि दागिनेही तिचेच. मी "मुलगी" असे लिहिले आहे, "दत्तक मुलगी" असे नाही. दत्तकपत्र रीतसर नोंदवलेले आहे. ज्यांना शब्द मोजायचे असतील त्यांनी ते त्यात मोजावेत.

कलम २. एवढ्यावर थांबता आले असते, पण माझे दीर शरच्चंद्र थांबू देणार नाहीत. बंगला त्यांच्या मुलाला, मिहिरला, मिळावा असा त्यांचा हट्ट आहे. गौरीच्या जेवणाला भरल्या पंगतीत ते म्हणाले, "वहिनी, बुद्धी रक्तातून येते. कागदावर सही केली म्हणून रक्त बदलत नाही. हे घर देवस्थळींच्या डोक्यानं उभं राहिलंय, ते देवस्थळींकडेच राहू द्या."

हे घर माझ्या आणि मुकुंदांच्या पगारावर उभे राहिले आणि मुकुंदांनी हयातीतच ते माझ्या नावे केले. भावजींचे डोके त्यात कुठे लागले, ते त्यांनी कोर्टात सांगावे.

कलम ३. आता रक्ताविषयी. तनुजाचे जन्मदाते वडील ज्ञानदेव आकुर्डीच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला होते. आई शालनबाई आमच्याकडे पोळ्या करायची. माणसे लातूरकडची. ज्ञानदेव अपघातात गेले आणि पाठोपाठ शालनबाईला दुखण्याने धरले. "बाई, लेकरू तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. लई प्रश्न इचारती, तेवढं सोसा," असे म्हणून तिने स्वतः पाच वर्षांची पोर मला दत्तक दिली. ते प्रश्न मी आनंदाने सोसले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षे होती.

वर्ष उलटते न उलटते तोच भावजी एका ओळखीच्या तज्ज्ञांना घरी घेऊन आले. पोरीची बुद्धी मोजायची होती. ठोकळे झाले, चित्रे झाली, मग तज्ज्ञांनी विचारले, "भोंगा वाजला की काय करायचं?"

"डबा भरायचा," तनुजा म्हणाली.

शून्य. अपेक्षित उत्तर होते, आग लागली असेल, घराबाहेर पळावे. आकुर्डीच्या चाळीत कंपनीचा पहिला भोंगा ऐकून घराबाहेर पळणारे मूल मला कोणीतरी आणून दाखवावे. भोंगा झाला म्हणजे बाबांची शिफ्ट, आणि डबा भरला नाही तर बाबा उपाशी. सहा वर्षांच्या मुलीने याहून शहाणे उत्तर काय द्यायचे? मी तसे म्हटले, तर तज्ज्ञ म्हणाले, "मॅडम, उत्तरतालिकेत नाही." मी हयातभर पेपर तपासले आहेत. उत्तरतालिकाही चुकते. त्या दिवशी मी दोघांनाही फाटक दाखवले.

त्या निकालातला "मंद" हा शब्द मात्र भावजींनी जिवापाड जपला. मुंज असो, बारसे असो, तो शब्द त्यांच्याबरोबर जेवायला यायचा. तनुजाने तो पाने वाढता वाढता ऐकला आहे. हे मी माफ केलेले नाही आणि मेल्यावरही करणार नाही.

कलम ४. तनुजा पुढे काय शिकली, थेरगावला कशी राहते, काय कमावते, हे मी मुद्दाम लिहीत नाही. मोठे काही लिहिले तर म्हणाल अपवाद, साधे लिहिले तर म्हणाल, बघा, सांगितलं नव्हतं? घर हे हुशारीचे बक्षीस नव्हे. ती माझी आहे, म्हणून ते तिचे आहे. भांडण झाले की ती बोलत नाही, मुकाट्याने पोहे करते आणि समोर बशी आदळते. हे तिने माझ्याकडून उचलले. त्यासाठी रक्त लागले नाही.

कलम ५. मिहिर हुशार आहे, हे मला मान्य आहे. त्याच्या बुद्धिमापनाचे प्रशस्तिपत्र भावजींनी फ्रेम करून माझ्या दिवाणखान्यात टांगले, ते खिळ्यासकट त्याच्या रावेतच्या फ्लॅटवर पोचवावे. भिंतीचे भोक तनुजा बुजवेल. मुकुंदांची पुस्तकेही मिहिरला द्यावीत.

त्याची मुलगी अबोली सहा वर्षांची आहे आणि तिलाही आता मोजायला नेतात. अंगणातला झोपाळा अबोलीचा. तिने केव्हाही यावे. ती झोका घेत असताना कोणी तिला पाढे विचारू नयेत.

कलम ६. शालनबाईचा पितळी डबा तनुजाचाच आहे. मी तो फक्त सांभाळला.

कलम ७. भावजींना माझ्या तेराव्याला पोटभर जेवू घालावे. श्रीखंड त्यांना आवडते.

कलम ८. मला भ्रम झाला आहे, असे आता उठवले जात आहे. मिहिर म्हणाला, "काकू, परवा तुम्ही मला बाबांच्या नावानं हाक मारलीत." म्हणून मी चिंचवडच्या डॉ. अनिश केतकर यांच्याकडून तपासून घेतले. भावजी खात्री करायला शेजारच्या खुर्चीत बसले होते. वार, महिना सांगितला. कागदावर घड्याळाचे चित्र काढले. शंभरातून सात-सात वजा करत गेले, डॉक्टर "पुरे" म्हणाले तरी. शेवटी त्यांनी विचारले, "आजी, धोक्याचा भोंगा वाजला तर काय कराल?"

मी भावजींकडे पाहिले आणि म्हणाले, "डबा भरीन."

डॉक्टरांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. त्यांनी शून्य लिहिले आणि मग कारण विचारले. ऐकून ते शून्य खोडायला निघाले, तेव्हा मीच त्यांचा हात धरला. बाकी उत्तरांवरून मी पूर्ण शुद्धीत असल्याचा दाखला त्यांनी दिला आहे. तो सोबत जोडला आहे, शून्यासकट.

भावजी, आईची बुद्धी मुलीत उतरते याचा पुरावा तुम्हाला हवा होता ना? एकाच प्रश्नाला आम्हा मायलेकींचे एकच उत्तर आहे, आणि दोघींनाही शून्य आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. निवेदिता साठ्ये यांनी करावी.

लिहून देणार: जयमाला मुकुंद देवस्थळी (सही)

आमच्यासमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. डॉ. अनिश केतकर, चिंचवड (सही)
२. इंदुताई काळभोर, शेजारी, निगडी (सही)

स्थळ: निगडी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५